विमा बंद करण्यापूर्वी नंबराच्या पाटीची व्यवस्था

पनवेलजवळील कामोठे हे एके काळी भातखाचरांचे गाव होते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नव्या शहरासाठी जमिनी संपादन झाल्या, आणि आज त्या खाचरांच्या जागी इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. जेथे दावणीला बैल असत तेथे आता आवारात मोटारी व दुचाक्या उभ्या असतात, आणि त्यांपैकी काही वर्षानुवर्षे जागच्या हाललेल्याही नसतात. अशा गाडीचा विमा चालू ठेवणे धन्यास जड वाटू लागते. विमा बंद केल्यावर तिच्या नंबराच्या पाटीचे काय करावे, हा प्रश्न आम्हांस अनेकांनी विचारला आहे; म्हणून त्याचा येथे थोडक्यात विचार करीत आहोत.

या बाबतीत एक गैरसमज परदेशाहून आलेला दिसतो. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांच्या कानी येते की, तेथे पाट्या सरकारास परत कराव्या लागतात. ते खरे आहे. न्यूयॉर्क राज्यात विमा बंद करण्यापूर्वी पाट्या मोटार खात्याकडे जमा कराव्या लागतात. तसे न केल्यास नोंदणी स्थगित होते. तेथे पाटी धन्याची असते व गाडी विकली तरी ती धन्याकडेच राहते. आपल्याकडे क्रमांक गाडीस दिलेला असतो. गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली तरी पाटी गाडीवरच राहते. म्हणून केवळ विमा संपला एवढ्याने आपल्या येथे पाटी कोठेही जमा करावयाची नसते.

परंतु यावरून पाटीकडे दुर्लक्ष केले तरी चालेल असे कोणी समजू नये. पाटी म्हणजे नोंदणीची बाहेर दिसणारी खूण होय. जमीन विकल्यावर फेरफार होऊन सातबाऱ्यावरील नाव बदलेपर्यंत कोणताही जाणता शेतकरी स्वस्थ बसत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र तोच मनुष्य पैसे हाती पडताच किल्ली देऊन मोकळा होतो. अशाच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट निकाल दिला. गाडी मूळ धन्याकडून अनेक हातांतून गेली होती, पण नोंदणी त्याच्याच नावावर होती. पुढे अपघात झाला, तेव्हा नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीतील धन्यावरच ठेवण्यात आली. अशा वेळी विमाही नसेल, तर भरपाईची सर्व रक्कम घरातून द्यावी लागते. ही रक्कम एखाद्या कुटुंबाची आयुष्याची पुंजी संपविण्याइतकी मोठी असू शकते.

म्हणून क्रम असा ठेवावा : प्रथम नोंदणीची व्यवस्था, नंतर विम्याची. तीन प्रसंग संभवतात.

पहिला, गाडी विकण्याचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ. कचेरीस कळवावयाचे असते. त्यासाठी नमुना २९ व नमुना ३० ठरलेले आहेत. नाव बदलल्याची नोंद स्वतः पाहिल्यावाचून विमा तोडू नये. दावा न केल्याबद्दल विम्यात जी सूट साठते ती मात्र गाडीची नसून धन्याची असते. तिचा दाखला कंपनीकडून मागून घ्यावा. तो नव्या गाडीच्या विम्यास उपयोगी पडतो.

दुसरा, गाडी मोडीत काढण्याचा. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर ती गोष्ट १४ दिवसांत अथवा शक्य तितक्या लवकर कळवून आर.सी. पुस्तक परत करावे, असे कलम ५५ सांगते. हा अर्ज आपण राहतो तेथील कचेरीत देता येतो. कामोठ्यातील पुष्कळ जुन्या गाड्यांवर रायगड जिल्ह्याचा एम.एच. ०६ हा क्रमांक आहे, तर पनवेल कचेरीचा क्रमांक एम.एच. ४६ आहे. तरी अर्ज पनवेलास करावा. मूळ कचेरीकडे कागद पाठविणे हे तिचे काम आहे. गाडी भंगारवाल्याच्या हातगाडीशी सौदा करून न देता, २०२१ च्या नियमांखाली नोंदलेल्या मोडकेंद्रास द्यावी व तेथून जमा प्रमाणपत्र घ्यावे. कर्ज फिटले नसल्यास अगोदर सावकाराची संमती लागते.

तिसरा, गाडी नुसती उभी ठेवण्याचा. सार्वजनिक जागी विम्यावाचून गाडी वापरल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. पुढील वेळी दंड ४,००० रुपये होतो. गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याची किंचितही शक्यता असेल, तर निदान तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा चालू ठेवणेच शहाणपणाचे होय.

आता प्रत्यक्ष पाटीविषयी. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांस उच्च सुरक्षा पाटी लावूनच मिळते, व त्यापूर्वीच्या गाड्यांसही महाराष्ट्रात ती बसविणे बंधनकारक झाले आहे. हिच्यावर अशोकचक्राचे चकाकते चित्र व स्वतंत्र अनुक्रमांक असतो. तिची कडी एकदा तोडली की पुन्हा बसत नाही. म्हणून ती स्वतः उचकटू नये. मोडकेंद्रास गाडी पाटीसह द्यावी. जुन्या प्रकारची पाटी घरी उरली असेल, तर ती मधोमध कापून निरुपयोगी करावी. ती कुंपणास वा गोठ्याच्या छपरास ठोकू नये, भंगारातही अखंड देऊ नये. आपला क्रमांक चोरीच्या गाडीवर चढविण्यास तीच साधन होते. पाटी हरवल्यास पोलीस ठाण्यात विनाविलंब तक्रार नोंदवून तिची प्रत जपून ठेवावी.

ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांनी हे सर्व ट्रॅक्टर व ट्रॉली या दोहोंस स्वतंत्रपणे लावून पाहावे, कारण दोहोंची नोंद निराळी असते.

आमची वाचकांस विनंती एवढीच की, ज्यांनी जुनी गाडी कोणास देऊन टाकली आहे त्यांनी नोंदणीत अद्याप कोणाचे नाव आहे हे याच आठवड्यात तपासावे. स्वतःचे नाव आढळल्यास घेणाऱ्यास गाठून कागद पुरे करावे.