दिलगिरी आणि दानत

पुढारी मंडळींच्या तोंडी दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, 'माझ्या बोलण्याचा विपर्यास केला गेला.' दुसरं, 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगिरी व्यक्त करतो.' पहिल्या वाक्यात चूक वार्ताहराची असते आणि दुसऱ्यात ऐकणाऱ्याच्या हळव्या मनाची. बोलणारा दोन्ही वेळा कोरडाच राहतो. ही वाक्यं आपण इतक्यांदा ऐकली आहेत, की उद्या कुणी सरळ उभं राहून 'मी बोललो ते मला सिद्ध करता येत नाही, मी माफी मागतो' असं म्हणालं, तर तो माणूस आपल्याला दुबळा वाटेल. १८९७ साली पुण्याच्या एका एकतीस वर्षांच्या प्राध्यापकानं नेमकं हेच केलं होतं आणि तोही लोकांना दुबळाच वाटला होता. गोपाळ कृष्ण गोखले त्याचं नाव.

नेत्याचं चारित्र्य हा विषय निघाला की मला हीच घटना आठवते. 'चारित्र्य' हा शब्द जरा भाषणातला आहे. गावाकडची माणसं तो फारसा वापरत नाहीत. ती म्हणतात, 'त्याची दानत चांगली आहे', 'इमानाचा माणूस आहे', 'नियत साफ आहे'. दानत, इमान, नियत हे सारे शब्द दूरच्या अरबी-फारसीतून आले आणि मराठीच्या ओट्यावर असे बसले, की ते पाहुणे होते हे कुणाच्या ध्यानातही नाही. 'माफी' त्यांच्याच गोतावळ्यातली. गावातला माणूस दानत कशावरून ओळखतो? दुसऱ्याची ठेव हातात आल्यावर हा माणूस तिचं काय करतो, यावरून. ठेव पैशाची असेल, शब्दाची असेल, नाही तर कुणी विश्वासानं सांगितलेल्या गोष्टीची. गोखल्यांच्या हातात आली होती ती तिसऱ्या प्रकारची ठेव.

प्लेग १८९६ साली मुंबईत आला आणि वर्ष संपता संपता पुण्यात पोचला. १८९७च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि पुण्यात रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी बसली. रोगी शोधण्यासाठी गोरे सोल्जर घराघरात शिरू लागले. माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कशाचीच मर्यादा राहिली नाही. रोगी इस्पितळात, घरची माणसं छावणीत, सामान रस्त्यावर. पुण्यात संताप मावत नव्हता.

गोखले त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते गेले होते आणि ती त्यांनी उत्तम दिली होती. पुण्याहून मित्रांची पत्रं येत होती. त्या पत्रांतल्या मजकुराच्या आधारानं त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन' या वृत्तपत्राला सांगितलं की सोल्जरांनी पुण्यात अत्याचार केले, दोन स्त्रियांची अब्रू घेतली आणि त्यांतल्या एकीनं जीव दिला. तिकडे २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी गणेशखिंडीत रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड जुलैच्या सुरुवातीला. अशा पेटलेल्या वेळी गोखल्यांचा आरोप विलायतेत छापून आला. पार्लमेंटात प्रश्न निघाले, मुंबई सरकारकडे तारा गेल्या. सरकारनं सगळं साफ नाकारलं आणि पुरावा मागितला.

जुलैअखेर गोखल्यांची बोट मुंबईला लागली, तेव्हा हवा कशी होती पाहा. २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झालेली होती. पाठोपाठ नातू बंधूंना खटल्याशिवाय स्थानबद्ध केलं गेलं. रँडचे मारेकरी अजून सापडले नव्हते आणि पोलीस पुण्यात ज्याच्या त्याच्या मागे होते. ज्यांनी पत्रं लिहिली होती त्या मित्रांना त्यांतला मजकूर सिद्ध करता येईना. ज्या घरावर असा प्रसंग ओढवला असेल ते घर कोर्टात उभं राहून तो सांगणार कसं? ते त्या काळात शक्यच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही सोपं नाही.

आता त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मित्रांची नावं सांगून मोकळं होता आलं असतं. 'मला अमक्यानं लिहिलं, मी विश्वास ठेवला' एवढं म्हटलं की अंगावरचं ओझं दुसऱ्याच्या अंगावर. पण नावं सांगणं म्हणजे त्या दिवसांत त्या माणसांना पोलिसांच्या स्वाधीन करण्यासारखंच होतं. दुसरी वाट आरोपाला चिकटून राहण्याची. तुरुंग मिळाला असता, सोबत जयजयकारही. आणि तिसरी वाट ती आपली नेहमीची, विपर्यासाची. विलायतेतल्या वार्ताहराला खोटं पाडायला इथं कोण येणार होतं?

गोखल्यांनी चौथी वाट धरली. आरोप सिद्ध करता येत नाही म्हणून तो बिनशर्त मागे घेतला, आणि गव्हर्नर, प्लेग कमिटी व सोल्जर यांची वृत्तपत्रांतून जाहीर माफी मागितली. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं मात्र सांगितली नाहीत. सरकारचं देणं त्यांनी फेडलं आणि मित्रांची ठेवही राखली. दोन्हींची किंमत एकाच खिशातून गेली.

ही माफी मला सगळीच्या सगळी पटते असं नाही. सोल्जरांची माफी वाचताना आजही मन कचरतं. पुरावा हाती नाही म्हणजे घडलंच नाही, असं थोडंच असतं? 'सिद्ध करता येत नाही' एवढं म्हणून थांबायला हवं होतं, असं त्या वेळीही अनेकांना वाटलं आणि त्या म्हणण्यात तथ्य आहे. पण इथं आपण त्या माफीची शब्दरचना तपासत नाही आहोत. ती मागणाऱ्यानं आपल्या अब्रूचा हिशेब कसा मांडला, तो पाहत आहोत.

लोकांनी क्षमा केली नाही. टिळक तुरुंगात आणि गोखले माफी मागून घरी, ही तुलना पुण्याच्या आळीआळीत झाली. भित्रा, सरकारचा हस्तक, सगळं ऐकून घ्यावं लागलं. डिसेंबरात अमरावतीला काँग्रेस भरली, तेव्हा गोखले व्यासपीठावरून बोलायला उठले तर गोंधळ होईल, अशी धास्ती त्यांच्या मित्रांनाच होती. गोखल्यांनी त्यावर लेख लिहून स्वतःची कैफियत मांडत बसण्याऐवजी, पुढे पुण्यात प्लेग आला तेव्हा स्वयंसेवक होऊन रोग्यांत काम केलं. १८९९ साली ते मुंबई कायदे कौन्सिलात निवडून गेले आणि १९०५ साली बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. अमरावती ते बनारस, आठ वर्षं लागली.

असं वागण्याचं बळ एका दिवसात येत नाही. गोखले रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचे. वडील लवकर गेले. थोरल्या भावानं शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये तो दर महिन्याला गोपाळला पाठवी. भावाच्या पोटातून काढलेल्या त्या पैशांचं वजन गोपाळला ठाऊक होतं. त्यांच्या चरित्रांतून एक गोष्ट सांगितली जाते. एका सधन मित्रानं त्यांना आग्रहानं नाटकाला नेलं आणि मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळनं वाद घातला नाही. दिव्याचं तेल वाचवून रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास केला आणि ते दोन आणे चुकते केले. मला यात गरिबीपेक्षा हिशेब मोठा वाटतो. आपल्या नावावर लागलेलं देणं, न्याय्य असो वा नसो, दुसऱ्याच्या नावावर चढवायचं नाही, हा तो हिशेब. १८९७ साली फक्त रक्कम वाढली.

अठराव्या वर्षी बी. ए. झालेल्या माणसाला तेव्हा सरकारी नोकरीत मोठा पगार मिळत असे. गोखले डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आले आणि पंचाहत्तर रुपयांवर राहण्याची शपथ घेतली. सुट्ट्या लागल्या की कॉलेजच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा करत हिंडत. १९०२ साली बाहेर पडले ते तीस रुपये पेन्शनवर. याच वर्षांत न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना सरकारी अहवाल आणि आकडे वाचायला शिकवलं. कविता करणाऱ्या माझ्यासारख्याला आकड्यांचं वावडं, पण गोखल्यांची अर्थसंकल्पावरची भाषणं वाचली की वाटतं, आकड्यालाही एक नीती असते. १९०२ साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलात त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवून विचारलं, की प्रजा उपाशी असताना तिजोरीत शिल्लक उरते कशी? त्यांच्या आकड्यांत चूक काढणं सोपं नव्हतं. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला.

गोखले काही देवमाणूस नव्हते. आगरकरांच्या 'सुधारका'त लिहिणाऱ्या या माणसानं पहिली पत्नी हयात असताना दुसरं लग्न केलं होतं. ती असाध्य आजारानं ग्रासलेली होती, घरच्यांचा आग्रह होता, तिची संमतीही होती. पण दोन बायकांचा सुधारक म्हणून लोक बोलत, आणि ते बोलणं खोटं नव्हतं. त्याची टोचणी त्यांना होती, आणि सामाजिक सुधारणेच्या व्यासपीठावर ते पुढं होऊन उभे राहिले नाहीत, असं चरित्रकार सांगतात. आपल्याला ज्या विषयावर उपदेश करण्याचा हक्क नाही, त्या विषयावर मागच्या रांगेत बसणं हेही किती जणांना जमतं?

१९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज काढला. देशासाठी आयुष्य देणारी माणसं तिथं तयार करायची होती. नव्या सभासदाला पाच वर्षं शिकावं लागे. शपथा सात होत्या. स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही, खासगी आयुष्य निर्मळ ठेवायचं, जात-धर्म न पाहता साऱ्या हिंदी लोकांना भाऊ मानायचं. त्यांतली एक मला विशेष वाटते, की कुणाशीही वैयक्तिक भांडण करायचं नाही. पुण्यात ही शपथ पाळणं म्हणजे खरोखरच तपश्चर्या! त्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं आणि पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. आपल्या पिढीनं अपयशातूनच देशाची सेवा करायची आहे, असं ते मानत. १९१४ साली सरकारनं 'सर' हा किताब देऊ केला, तो त्यांनी नाकारला.

गांधीजी जानेवारी १९१५ मध्ये आफ्रिकेहून परतले, तेव्हा गोखल्यांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, की वर्षभर देश पाहा, जाहीर प्रश्नांवर बोलू नका. १९ फेब्रुवारीला गोखले गेले. वय अवघं अठ्ठेचाळीस. शब्द ज्याला दिला तो माणूस उरला नव्हता, विचारणारं कुणी नव्हतं. गांधीजींनी ते वर्ष तसंच काढलं.

टिळक त्या वेळी सिंहगडावर होते. बातमी कळताच ते पुण्याला आले आणि चितेपाशी बोलायला उभे राहिले. लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. टिळकांनी त्यांना थांबवलं, ही टाळ्यांची वेळ नव्हे म्हणाले. मग ज्या माणसाशी पंचवीस वर्षं पटलं नव्हतं, त्याला हिंदुस्थानचा हिरा म्हटलं, आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, याच्याकडे बघा आणि याच्यासारखं व्हायचा प्रयत्न करा.