फावल्या वेळाची किंमत

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या मासिक अंदाजपत्रकात तूट आली, की ती भरून काढण्याचा एक उपाय हमखास सुचविला जातो : घरातील गृहिणीने फावल्या वेळात काहीतरी करावे. मुले शाळेत गेली म्हणजे परसात किंवा गच्चीवर चार भाज्या लावाव्यात, दुपारी गोधडी शिवावी, क्रोशाचे रुमाल विणावेत, दिवाळीपूर्वी पणत्या रंगवाव्यात, आणि हे सारे ओळखीपाळखीत किंवा एखाद्या प्रदर्शनात विकावे. भांडवल थोडे लागते, घर सोडावे लागत नाही, मुलांकडे लक्ष राहते आणि चार पैसे गाठीस लागतात, अशी या सल्ल्याची मांडणी असते. सल्ला देणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि त्यातील ‘फावला वेळ’ हा शब्द तपासून पाहणे अगत्याचे आहे. वस्तूची किंमत ठरविताना, करणारीची मजुरी मोजताना आणि सरकारदरबारी तिची नोंद करताना जी गफलत होते, तिचे मूळ या एका शब्दात आहे.

वेळ कोठून येतो?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर कालविनियोगाची पाहणी केली. सहा वर्षांवरील व्यक्ती दिवसाचे चोवीस तास कसे घालवितात, याची ती नोंद होती. स्वयंपाक, धुणेभांडी, झाडलोट अशा विनामोबदला घरकामात एका दिवसात ८१.२ टक्के स्त्रिया भाग घेतात, तर पुरुष फक्त २६.१ टक्के, असे तीत आढळले. हे काम करणाऱ्या स्त्रीचे त्यात सरासरी २९९ मिनिटे जातात आणि करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटे. मुलांचे आणि वृद्धांचे संगोपन यात धरलेले नाही. ते करणाऱ्या स्त्रीची त्यासाठी आणखी १३४ मिनिटे आणि पुरुषाची ७६ मिनिटे खर्ची पडतात. घरकाम आणि संगोपन ही दोन्ही कामे जिच्या वाट्याला येतात, तिच्या दिवसातील सुमारे सात तास विनामोबदला श्रमात जातात, असा याचा अर्थ होतो. त्यानंतर उरतो तो वेळ विश्रांतीचा असतो, किंवा तुकड्यातुकड्यांनी मिळालेला असतो. त्याला फावला म्हणण्यापेक्षा मोडका म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

परसबाग आणि हस्तव्यवसाय हे दोनच उद्योग आईसाठी इतक्या आग्रहाने का सुचविले जातात, याचेही उत्तर येथेच सापडते. हातातली सुई केव्हाही खाली ठेवता येते. आळ्याला पाणी घालण्याचे काम अर्धा तास पुढे ढकलले तरी वेल सुकत नाही. मूल रडले, दूधवाला आला, सासूबाईंच्या औषधाची वेळ झाली, तरी हे काम तक्रार न करता थांबते. केव्हाही सोडता येणारे आणि केव्हाही धरता येणारे काम हीच त्याची सोय आहे, आणि तेच त्याच्या स्वस्ताईचे कारण आहे. ज्या अडचणीत एक आई आहे त्याच अडचणीत त्याच गल्लीतील वीस जणी असतात. वीसही जणी तेच काम निवडतात आणि मालाचा भाव पडतो. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा कापडी पिशव्या शिवण्याची सूचना सर्वत्र झाली. पण शिवणयंत्र असलेल्या कोणालाही जी पिशवी शिवता येते, तिच्यावर फार मोठी कमाई होईल अशी अपेक्षा अर्थशास्त्राच्या कोणत्याही नियमात बसत नाही.

एका गोधडीचा हिशेब

उदाहरणादाखल एका गोधडीचा हिशेब मांडून पाहता येईल. प्रदर्शनात ती १,२०० रुपयांना विकली गेली असे समजू. कापड, अस्तर आणि दोरा यांना ४०० रुपये लागले. प्रदर्शनातील जागेचे भाडे आणि जाण्यायेण्याचा खर्च यांचा त्या गोधडीवर पडणारा वाटा १५० रुपये. हाती उरले ६५० रुपये. घरात या साडेसहाशे रुपयांना ‘फायदा’ म्हटले जाते. परंतु धावदोऱ्याचे हे काम पंधरा दिवस, रोज तीन तास चालले असेल, तर एकूण पंचेचाळीस तास झाले आणि तासाला साडेचौदा रुपयेही पडले नाहीत. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर २०२५-२६ सालासाठी दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. आठ तासांच्या दिवसाने तो तासाला ३९ रुपये होतो. त्या दराने पंचेचाळीस तासांची मजुरी १,७५५ रुपये भरते आणि गोधडीची किंमत निदान २,३०५ रुपये यायला हवी. म्हणजे ज्याला फायदा म्हटले गेले, तो खड्डे खणण्याच्या मजुरीच्या तुलनेत अकराशे रुपयांचा तोटा होता. तो दिसला नाही, कारण वहीत कापड लिहिले गेले, दोरा लिहिला गेला, तास लिहिले गेले नाहीत.

यावर असे म्हटले जाईल, की २,३०५ रुपयांना गोधडी घेणार कोण? पानिपतची यंत्रावरची पांघरुणे आणि सोलापूरची चादर त्यापेक्षा कितीतरी स्वस्तात मिळते. आक्षेप रास्त आहे. पण हिशेब केल्याखेरीज हा प्रश्नच उभा राहत नाही. यंत्राशी जेथे गाठ आहे तेथे हात हरणार, हे एकदा कळले की हाताला मान कोठे आहे याचा शोध सुरू होतो. बाळंतविड्यातील दुपटी, कुंची आणि टोपडी घेताना आजही लोक जुन्या सुती लुगड्याचा मऊपणा पाहतात आणि भावासाठी फारशी घासाघीस करीत नाहीत. माल कोणता निवडायचा, हा निर्णय तासांच्या हिशेबातून निघाला पाहिजे. मनाला विरंगुळा म्हणून कोणी विणीत असेल तर तिलाही कोणी अडवू नये. मात्र छंदाला धंदा म्हणून संसाराचा भार त्याच्यावर टाकू नये.

परसातील अर्थकारण

परसबागेचा हिशेब याहून वेगळा आहे. दोडका, भोपळा, पडवळ हे वेल पावसाळ्यात एकदमच भरतात. ज्या आठवड्यात घरच्या मांडवावर दहा दोडके लोंबतात, त्याच आठवड्यात मंडईतही त्यांची रास असते. अशा वेळी उरलेली भाजी विकून पैसा मिळविण्याची कल्पना फलद्रूप होत नाही. परसबागेचा खरा लाभ विक्रीत नसून वाचलेल्या खर्चात आहे. कढीपत्ता, कोथिंबीर, मिरची, आले, गवती चहा या वस्तू रोज थोड्याथोड्या लागतात आणि थोड्या घेतल्या की महाग पडतात. मोरीच्या सांडपाण्यावर वाढणारे अळू आणि कुंपणाचा शेवगा यांना तर वेगळे पाणीही लागत नाही. श्री. अ. दाभोळकर यांनी कोल्हापुरात उभ्या केलेल्या ‘प्रयोग परिवारा’ने घरचा काडीकचरा कुजवून थोड्याशा जागेत पीक कसे घेता येते, याचे धडे घराघरांत पोचविले. त्या वाटेने गेल्यास खताचाही खर्च वाचतो. विकायचेच असेल तर भाजीपेक्षा रोप विकावे. बी रुजवून वाढविलेल्या मिरचीच्या किंवा तुळशीच्या रोपाला शहरात गिऱ्हाईक असते आणि ते भाजीसारखे दुसऱ्या दिवशी कोमेजत नाही.

सरकारी नोंदीतील विसंगती

घराच्या वहीत जी चूक होते तीच देशाच्या वहीतही झाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९९३ सालच्या राष्ट्रीय लेखा पद्धतीनुसार कुटुंबाने स्वतःच्या वापरासाठी निर्माण केलेल्या वस्तूही उत्पादनात धरावयाच्या असतात. म्हणजे परसातला दोडका तत्त्वतः राष्ट्रीय उत्पन्नाचा भाग आहे. तो शिजवून वाढण्याचे श्रम मात्र त्यात येत नाहीत. घरकाम करणाऱ्या बाईशी मालकाने विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती पिगू यांनी १९२० सालीच दाखवून दिली होती. आपल्याकडील रोजगाराच्या पाहण्यांनी या विसंगतीत भर घातली आहे. त्यांत केवळ घरकाम करणाऱ्यांसाठी ९२ आणि घरकामाबरोबर घरच्या वापरासाठी भाजीपाला व सरपण गोळा करणे, शिवणे, विणणे ही कामे करणाऱ्यांसाठी ९३ असे संकेतांक आहेत. हे दोन्ही गट श्रमशक्तीच्या बाहेर मोजले जातात. दोडका उत्पादनात आणि तो पिकविणारी बाई श्रमिकांच्या यादीबाहेर, असा हा न्याय आहे.

याउलट बुरुडाच्या किंवा कुंभाराच्या घरातही काम उंबऱ्याच्या आतच चालते. कांबीला आणि मातीला सगळ्या घराचे हात लागतात. पण तो पुरुषाचा व्यवसाय मानला गेल्यामुळे त्याला कोणी फावल्या वेळाचा उद्योग म्हणत नाही. फरक कामात नाही, ते कोणाच्या नावावर आहे यात आहे.

नरसापूर आणि गिरगाव

शब्दाच्या या गफलतीची किंमत किती मोठी असू शकते, हे आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवरून दिसून आले. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांचा त्यांच्याविषयीचा अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. या स्त्रियांनी विणलेली लेस परदेशच्या बाजारात जात होती, व्यापाऱ्यांची भरभराट होत होती, आणि विणणारी मात्र ‘घरी बसून रिकाम्या वेळात विणणारी गृहिणी’ समजली जात होती. ती कामगार नसल्यामुळे तिला मजुरीचा दर मागता येत नव्हता. एकेकट्या घरात विखुरलेल्या असल्यामुळे तिला संघटितही होता येत नव्हते.

मुंबईच्या गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला, त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. तेथेही काम घरीच होते. बहिणी मळलेले पीठ घरी नेतात, पापड लाटून, वाळवून परत आणून देतात. पण लाटण्याचा दर वजनावर ठरलेला असतो, मालाची प्रत केंद्रावर तपासली जाते, विक्रीची चिंता संस्था वाहते आणि लाटणारी ही सभासद या नात्याने मालकीणही असते. नरसापूरची बाई आणि गिरगावची बाई यांच्या कौशल्यात किंवा कष्टात उणे-अधिक नव्हते. एकीच्या तासाला भाव ठरलेला होता, दुसरीच्या तासाला नव्हता. घरी बसून केलेल्या कामाला कायद्याचे संरक्षण देता येत नाही, हेही खरे नाही. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कच्चा माल घरी नेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले होते. घरी राहून काम करणाऱ्यांसंबंधीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९६ चा ठराव, क्रमांक १७७, भारताने मात्र अद्याप स्वीकारलेला नाही.

मुलांचे हात

या विषयाला आणखी एक नाजूक बाजू आहे. काम घरात असले की मुलांचे हात त्यात सहज ओढले जातात. झाडाला पाणी घालणे, बी पेरून अंकुर पाहणे, हे शिक्षणच आहे. परंतु गणपती-दिवाळीच्या हंगामात मागणी वाढली म्हणजे आठवीतली मुलगी रात्री अकरापर्यंत मणी ओवते, आणि तिचा भाऊ अभ्यासाला बसतो. २०१६ साली दुरुस्त झालेल्या बालकामगार कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या उद्योगात, शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत, शिक्षणात खंड न पडेल अशा रीतीने मदत करण्याची मुभा ठेवली आहे. मदत कोठे संपते आणि मजुरी कोठे सुरू होते, हे पाहण्यास त्या घरात निरीक्षक येणार नाही. ते आईबापांनीच पाहावयाचे आहे. वर्गातील पेंगणारे मूल ध्यानात घेणाऱ्या शिक्षकालाही ते दिसू शकते. आईचा तास फुकट धरला, की मुलाचा तास फुकट धरण्यास वेळ लागत नाही.

काय करता येईल

उपाय फार अवघड नाहीत. पहिला उपाय एका वहीचा आहे : साहित्याच्या रकान्याशेजारी तासांचा रकाना असावा आणि विक्रीनंतर तासाला काय पडले हे लिहावे. दुसरा उपाय गटाचा आहे. बचत गटांनी कर्जवाटपापुरते न थांबता एका नगाचा किमान दर ठरवावा आणि त्याखाली कोणीही विकू नये असा नियम पाळावा. तिसरा शासनाचा आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून कार्यरत आहे आणि महालक्ष्मी सरससारखी प्रदर्शने भरतात. तेथे प्रशिक्षणात किंमत काढण्याचे गणित शिकवावे आणि मालाबरोबर मूल घेऊन येणाऱ्या आईसाठी पाळणाघर ठेवावे. शाळा-कार्यालयांनी पिशव्या किंवा रोपे घेताना सर्वांत कमी दराची निविदा हाच निकष न लावता मजुरीचा दर आधी निश्चित करावा.

चौथा उपाय घरातील पुरुषाच्या स्वाधीन आहे, आणि त्याला अनुदान लागत नाही. २९९ आणि ९७ मिनिटांमधील अंतर तासाभराने कमी झाले, तर त्या घरातील स्त्रीला रोज सलग एक तास मिळेल. बागेत किंवा शिवणावर सलग बसून केलेल्या कामाची प्रत आणि वेग, दोन्ही वेगळी असतात. संध्याकाळची भाजी निवडणे आणि मुलाचा अभ्यास घेणे ही कामे वडिलांनी अंगावर घेतली, तर तो त्या उद्योगातील त्यांचा भांडवली वाटा ठरेल. तो न देता ‘फावल्या वेळात काहीतरी कर’ असे सांगणे, म्हणजे कुटुंबाची तूट एकाच व्यक्तीच्या विश्रांतीतून भरून काढणे होय.