निरोप डीकनला

कॅथलिक चर्चमध्ये दीक्षितांच्या तीन श्रेणी आहेत : डीकन, धर्मगुरू आणि बिशप. धर्मगुरू व्हायचे तर आधी डीकनपदाची दीक्षा घ्यावीच लागते. ही दीक्षा घेतलेला तरुण त्यानंतरचा काही काळ एखाद्या धर्मग्रामात राहून काम करतो, म्हणजे एका चर्चशी बांधलेल्या वस्तीत. गुरुदीक्षेचा दिवस जवळ आला की तो धर्मग्राम त्याला निरोप देतो. मराठीतून मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) आणि प्रवचन होणाऱ्या वसईच्या पट्ट्यात हा प्रसंग घराघराला ओळखीचा आहे. पूर्वी हा भाग मुंबई महाधर्मप्रांतात होता. १९९८ साली वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि पापडीचे चर्च त्याचे कॅथिड्रल, म्हणजे बिशपांचे मुख्य चर्च, ठरले.

डीकनपदाचे मूळ बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सापडते, अशी परंपरा आहे. यरुशलेममधील विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावलले जात असल्याची तक्रार आली, तेव्हा त्या कामासाठी सात जणांना निवडून प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवले. पुढे रक्तसाक्षी झालेला स्तेफन त्यांपैकीच एक. पंगतीत कोणी उपाशी राहू नये या काळजीतून हे पद जन्मले, हे विसरता कामा नये. पश्चिमेकडील चर्चमध्ये कालांतराने ते गुरुदीक्षेआधीची एक पायरी म्हणूनच उरले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) त्याला पुन्हा स्वतंत्र स्थान दिले आणि १९६७ मध्ये पोप सहावे पॉल यांनी कायमस्वरूपी डीकनपदाचे नियम घालून दिले. त्यानुसार विवाहित पुरुषही डीकन होऊ शकतात. धर्मग्राम निरोप देतो तो मात्र दुसऱ्या प्रकारच्या डीकनला, पुढे धर्मगुरू होणाऱ्याला.

त्याची वाट लांबची असते. १९८३ च्या चर्च कायद्यानुसार सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरूंच्या प्रशिक्षणसंस्थेत, तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षांचे शिक्षण लागते. डीकनपदासाठी वयाची तेवीस आणि गुरुदीक्षेसाठी पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. दोन दीक्षांमध्ये निदान सहा महिन्यांचे अंतर ठेवावे लागते. ब्रह्मचर्याची शपथ गुरुदीक्षेच्या वेळी घेतली जाते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो निर्णय डीकन होतानाच जाहीरपणे घ्यायचा असतो. त्याच दीक्षेने तो एका धर्मप्रांताशी किंवा एखाद्या धर्मसंघाशी कायदेशीरपणे बांधला जातो. म्हणून धर्मग्रामाने त्याच्यावर कितीही माया केली, तरी तो पहिल्या दिवसापासून दुसऱ्या कोणाचा असतो. निरोप अटळ असतो तो यामुळे.

मिस्सामध्ये शुभवर्तमानाचे वाचन करणे हे डीकनचे खास काम. डाव्या खांद्यावरून तिरका घेतलेला स्टोल, म्हणजे कापडाचा लांब पट्टा, ही त्याची खूण. तो प्रवचन देतो, बाप्तिस्मा देतो, विवाहाला चर्चच्या वतीने साक्षी राहतो, मरणासन्न माणसाला पवित्र भाकर नेऊन देतो आणि दफनविधी चालवतो. मिस्सा अर्पण करणे, पापनिवेदन ऐकून क्षमा देणे आणि आजाऱ्याला पवित्र तेल लावणे हे तीन अधिकार मात्र त्याला नसतात.

अधिकारांच्या या यादीपेक्षा त्याला घडवणारी गोष्ट वेगळी असते. वर्गात शिकलेले ईशज्ञान आता शेतावरून, बाजारातून, लोकलच्या प्रवासातून थकून आलेल्या माणसांना समजेल अशा मराठीत सांगायचे असते. प्रवचन लांबले की मुले चुळबुळतात, म्हाताऱ्या माणसांचे लक्ष उडते, आणि हे त्याला समोर दिसते. ज्या घरात तरुण मुलगा गेला त्या घरी काय बोलावे, हे कोणत्याच पुस्तकात नसते. बहुधा तिथे शेजारी बसून राहायचे असते, आणि हे त्याला त्या घरातली माणसेच शिकवतात. सेमिनरी त्याला विद्या देते, पण माणसांत वावरणारा धर्मगुरू धर्मग्रामच घडवतो. याची पुरेशी दखल घेतली जात नाही.

चर्चचा कायदा ती आपल्या परीने घेतो. उमेदवार पात्र आहे का, याची चौकशी दीक्षेआधी करावी लागते. दीक्षेला बाधा आणणारी एखादी गोष्ट कोणाला ठाऊक असेल, तर ती बिशपांना किंवा धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना कळवणे हे सामान्य श्रद्धावंतांचे कर्तव्य मानले आहे. म्हणजे निरोप देणारी माणसे त्याची साक्षीदारही असतात.

निरोपाचा ठरलेला धर्मविधी नाही. सहसा रविवारच्या मिस्सानंतर कार्यक्रम होतो. प्रमुख धर्मगुरू बोलतात, धर्मग्रामाच्या पॅरिश कौन्सिलच्या वतीने कोणी आभार मानते, युवक आणि वेदीसेवक मुले आपले सांगतात, गायकवृंद गातो. मिस्साचा झगा, स्टोल किंवा चषक यांसारखी पुढे रोज उपयोगी पडणारी भेट दिली जाते. तिच्याबरोबर ‘आध्यात्मिक पुष्पगुच्छ’ देण्याचीही प्रथा आहे : त्याच्यासाठी किती मिस्सा ऐकल्या, किती रोझरी (जपमाळेच्या प्रार्थना) म्हटल्या, किती उपवास केले, याची नोंद असलेला कागद. या भेटीला पैसे लागत नाहीत, त्यामुळे अंथरुणाला खिळलेली आजीही तीत वाटेकरी होते. शेवटी डीकन उत्तर देतो आणि आपल्यासाठी प्रार्थना करत राहण्याची विनंती करतो.

यानंतर किमान पाच दिवसांचा एकांतवास आणि मग गुरुदीक्षा. उमेदवार वेदीपुढे पालथा पडतो आणि सभा संतांची नावे घेत प्रार्थना करते. बिशप एक शब्दही न बोलता त्याच्या मस्तकावर हात ठेवतात, मग दीक्षेची प्रार्थना म्हणतात. त्याला स्टोल आणि मिस्साचा झगा घातला जातो, तळहातांना पवित्र तेल लावले जाते, भाकर आणि द्राक्षरस हाती दिला जातो. काही दिवसांत तो आपल्या जन्मगावच्या चर्चमध्ये कृतज्ञतेची मिस्सा अर्पण करतो. ज्या धर्मग्रामाने निरोप दिला, तिथेही त्याला अनेकदा मिस्सासाठी बोलावले जाते. त्यानंतर नेमणुकीचे पत्र येते आणि बिशप पाठवतील त्या धर्मग्रामात तो सहायक धर्मगुरू म्हणून रुजू होतो.