होटगीची काळी माती आणि जीपचा दुसरा दांडा

होटगी जंक्शनची डांबरी सडक सोडून शेताकडे वळले की काळी माती सुरू होते. उन्हाळ्यात हिला हात जाईल एवढ्या भेगा. हस्ताचा पाऊस पडला की हीच चाकांना घट्ट चिकटून बसते. अशा वेळी जीपवाल्याला आठवतो तो गिअरशेजारचा दुसरा दांडा. 1947 साली महिंद्रांनी हिंदुस्थानात आणलेल्या विलिस जीपची खरी करामत त्यातच होती. 'लो रेंज'मध्ये चाके सुमारे अडीचपट सावकाश फिरतात आणि जोर तेवढाच चढतो. रुतल्यावर नव्हे, चिखलात शिरण्यापूर्वीच गाडी उभी करून तो टाकावा. कोरड्या सडकेवर मात्र काढावाच. वळणावर पुढची-मागची चाके सारखे अंतर तोडत नाहीत, मग दात्यांवर ताण येतो.

आणि जादा दिव्यांची हौस? 55 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टवर नऊ अँपिअरहून अधिक ओढतात. डॅशबोर्डच्या बारीक तारेला ते जोडले, तर तार तापून आवरण वितळते. आणि मागच्या बाकावर तर मुलेबाळे! मी जाड तार, रिले आणि बॅटरीलगत 15 अँपिअरचा फ्यूज घालून घेतला. मिस्त्री म्हणाला, "साहेब, एवढं कोण करतं?" फ्यूज चहाच्या पैशांत येतो, हे त्यालाही ठाऊक होते.