मूळ ग्रंथावरून गणिताचे अध्यापन

गोदावरी ही जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा होय. तिच्याच खोऱ्यात, शेजारच्या परभणी जिल्ह्यात, पाथरी म्हणजे पूर्वीचे पार्थपूर आहे. तेथील ज्योतिषी ज्ञानराज याचा पुत्र सूर्यदास याने भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर इ. स. १५३८ त व ‘लीलावती’वर १५४१ त टीका लिहिली. त्याही पूर्वी, १२०७ त, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने खानदेशातील पाटण येथे आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला, असे तेथील शिलालेखावरून कळते. तात्पर्य, मूळ ग्रंथ पुढे ठेवून गणित शिकविण्याची चाल या प्रांतास नवी नाही. जालन्याच्या पदवीवर्गांतही ती कशी उपयोगी पडेल, हे एका उदाहरणाने दाखवितो.

कोणत्या संख्येच्या वर्गास ६१ ने गुणून १ मिळविल्यास पुन्हा वर्गच येतो, असा प्रश्न ‘बीजगणिता’त आहे. आरंभी जवळचे उत्तर घ्यावयाचे. १ चा वर्ग ६१ ने गुणून ३ मिळविले म्हणजे ६४, अर्थात ८ चा वर्ग, होतो. येथे १ हे कनिष्ठ, ८ हे ज्येष्ठ व ३ हा क्षेप. आता असा अंक शोधावा की, त्याने कनिष्ठास गुणून ज्येष्ठ मिळविल्यास क्षेपाने निःशेष भाग जावा, आणि त्याचा वर्ग ६१ च्या निकट असावा. तो अंक ७. सात आणि आठ पंधरा, त्यास ३ ने भागून ५ हे नवे कनिष्ठ. ४९ तून ६१ वजा करून ३ ने भागिल्यास नवा क्षेप उणे ४. पडताळा असा : २५ गुणिले ६१ म्हणजे १५२५, त्यातून ४ गेले १५२१, तो ३९ चा वर्ग. पुढे ब्रह्मगुप्ताच्या ‘भावने’ने क्षेप १ होतो, तेव्हा कनिष्ठ २२,६१,५३,९८० व ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९ येते.

हाच ६१ चा प्रश्न फर्मा याने १६५७ त आपल्या समकालीनांस घातला होता. पाठ्यपुस्तकांत या समीकरणास पेल याचे नाव आहे. ते ऑयलरच्या गैरसमजाने चिकटले.

तथापि अभिमानापेक्षा येथे मोठा लाभ आहे. हे चक्र दरवेळी १ पर्यंत पोचतेच, याची उपपत्ती भास्कराचार्य देत नाहीत. उत्तर नेहमी असतेच, हे लाग्रांज याने अठराव्या शतकात सिद्ध केले. आधुनिक पुस्तक सिद्धान्त आधी सांगते, म्हणून सिद्धतेची निकड विद्यार्थ्यास भासत नाही. चक्रवाल स्वतः फिरविणारा विद्यार्थी मात्र आपण होऊन विचारील की, हे थांबेल कशावरून? हा प्रश्न मनात आल्यावर जी सिद्धता शिकविली जाईल, ती त्यास परीक्षेनंतरही आठवेल.