फोनआधी रिकामं हाउसिंग बुडवा

अंदमानची तिकिटं काढून झाली, स्वराज द्वीपला हॉटेल बुक झालं आणि स्कूबा डायव्हिंगसाठी मागवलेलं फोनचं वॉटरप्रूफ हाउसिंगही घरी पोचलं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘४० मीटर’. तुम्ही तर फार तर १२ किंवा १८ मीटर खोल जाणार. मग काळजी कसली?

काळजी त्या आकड्याची नाहीच. तो आकडा स्वच्छ आणि नीट बंद केलेल्या हाउसिंगचा असतो. तुमचं हाउसिंग मात्र हलत्या बोटीवर, ओल्या हातांनी, वाळू लागलेल्या टॉवेलशेजारी बंद होणार असतं. म्हणून खोक्यावरच्या आकड्याइतकीच तुम्ही स्वतः केलेली चाचणीही महत्त्वाची आहे. ती कशी करायची, ते टप्प्याटप्प्याने पाहूया.

फोन वॉटरप्रूफ आहे, मग हाउसिंग कशाला?

बऱ्याच महागड्या फोनवर ‘आयपी ६८’ लिहिलेलं असतं. यातला ६ हा आकडा धुळीपासून संरक्षणाचा आणि ८ हा पाण्यात बुडण्यापासून संरक्षणाचा. पण ही चाचणी प्रयोगशाळेत, स्थिर आणि गोड्या पाण्यात होते. अनेक फोनसाठी मर्यादा दीड मीटर आणि ३० मिनिटं असते, काही मॉडेल्ससाठी ६ मीटर. समुद्राचं पाणी खारं असतं, लाटा असतात आणि फोन जुना होत जातो तसं हे संरक्षणही कमी होतं. शिवाय पाण्याने झालेलं नुकसान साधारणपणे वॉरंटीत बसत नाही.

गोप्रो हिरोसारख्या ॲक्शन कॅमेऱ्यांची अलीकडची मॉडेल्स हाउसिंगशिवाय १० मीटरपर्यंत आणि त्यांच्या खास हाउसिंगमध्ये ६० मीटरपर्यंत चालतात. म्हणजे डायव्हिंगसाठी त्यांनाही हाउसिंग लागतंच. गळ्यात अडकवायचे मऊ प्लॅस्टिकचे पाऊच फक्त किनाऱ्यावरच्या पाण्यासाठी ठेवा.

पाण्याचा जोर आणि कुकरची रिंग

समुद्रात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. २० मीटरवर हाउसिंगच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे २ किलोचा जादा भार येतो. १५ सेंटिमीटर लांब आणि ७ सेंटिमीटर रुंद झाकण धरलं, तर त्यावर २०० किलोंहून जास्त वजन ठेवल्यासारखं झालं!

एवढा भार पेलूनही पाणी आत येत नाही, ते एका रबरी कडीमुळे. तिला ओ-रिंग म्हणतात. कुकरच्या झाकणातली रिंग आठवा. तिच्यावर भाताचं एक शीत अडकलं, तरी कडेने वाफ निघत राहते आणि शिट्टी होत नाही. ओ-रिंगचंही तसंच आहे. डोक्यावरचा एक केस, टॉवेलचा धागा किंवा वाळूचा कण तिच्यावर बसला, की पाण्याला वाट मिळते.

यात एक गंमत आहे. खोल गेल्यावर पाण्याचा दाबच झाकण ओ-रिंगवर घट्ट आवळतो. त्यामुळे केस किंवा कण अडकल्याने होणारी गळती बहुतेक वेळा वरच्या काही मीटरमध्येच दिसते, जिथे कडी अजून नीट दाबली गेलेली नसते. म्हणजे घरची बादलीसुद्धा खूप काही सांगू शकते.

पेटीत पाणी शिरण्याची ही गोष्ट पाण्याखालच्या फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. १८५६ मध्ये इंग्लंडच्या वेमथ इथे विल्यम थॉम्पसन यांनी लाकडी पेटीत कॅमेरा ठेवून तो समुद्रात सोडला. पेटीत पाणी शिरलं, तरीही काचेच्या प्लेटवर अंधूक चित्र उमटलं. पाण्याखालचा पहिला फोटो म्हणून आज त्याचीच नोंद सांगितली जाते. पण थॉम्पसन यांच्या कॅमेऱ्यात बॅटरी नव्हती. तुमच्या फोनमध्ये बॅटरी आहे, यूपीआय आहे, परतीची तिकिटं आहेत आणि मुलांचे पाच वर्षांचे फोटो आहेत. म्हणून सगळ्या फोटोंचा बॅकअप आधी घ्या. शक्य असेल तर घरातला जुना फोन हाउसिंगसाठी वापरा.

पहिली चाचणी: घरची बादली

ओ-रिंग खोबणीतून काढायला सुई किंवा सुरी नको. जुन्या प्लॅस्टिक कार्डाची कड पुरते. कडी ताणू नका. कापसाचे आणि कपड्याचे तंतू तिला चिकटतात, म्हणून ती स्वच्छ बोटांनी पुसा. बोट पूर्ण गोल फिरवलं, की चीर किंवा कण लगेच हाताला लागतो. मग कंपनीने सांगितलेलं ग्रीसच, तेही अगदी थोडं लावा. कडी फक्त चमकली पाहिजे. ग्रीस पाणी अडवत नाही, ते कडीला जागेवर नीट बसू देतं. जास्त लावलं तर उलट धूळ चिकटते. चुकीच्या ग्रीसने काही प्रकारच्या कड्या फुगतातही.

आता हाउसिंगमध्ये फोन न ठेवता कोरडा टिश्यू पेपर ठेवा, बंद करा आणि अर्धा तास बादलीत दाबून धरा किंवा वजन ठेवून बुडवा. मध्ये मध्ये सगळी बटणं दाबा. बाहेर काढून नीट पुसा आणि मगच उघडा. टिश्यू ज्या कोपऱ्यात ओला, तिथे गळती आहे. सुरुवातीला बुडबुड्यांची एक सलग रेघ दिसली, तरी हाउसिंग लगेच वर काढा.

काही हाउसिंगबरोबर हवा खेचून काढणारा छोटा पंप मिळतो. आतली हवा कमी करून २०-३० मिनिटं थांबायचं. आतला दाब बदलला नाही तर पेटी घट्ट आहे असं समजायचं. ही सोय असेल तर प्रत्येक डाइव्हआधी वापरा.

दुसरी चाचणी: रिकाम्या हाउसिंगची डाइव्ह

ही पायरी लोक सर्रास वगळतात, कारण पैसे भरून केलेल्या डाइव्हमध्ये एकही फोटो मिळणार नाही हे मनाला पटत नाही. पण खऱ्या दाबाखाली हाउसिंग कसं वागतं, हे बादलीत कळत नाही. म्हणून पहिल्या डाइव्हला टिश्यू घातलेलं रिकामं हाउसिंगच न्या. त्यात हवा असल्यामुळे ते वर ओढ घेतं, म्हणून आत किंवा बाहेर किती वजन लावायचं हे प्रशिक्षकाला विचारा. हाउसिंग हातात घेऊन बोटीवरून उडी मारू नका. तुम्ही पाण्यात उतरल्यावर बोटीवरच्या माणसाने ते तुमच्या हातात द्यावं.

तुम्ही पहिल्यांदाच स्कूबा करत असाल, तर हे काम प्रशिक्षकावर सोपवा. श्वास, कानावरचा दाब आणि तोल सांभाळताना तुमचे दोन्ही हात मोकळे हवेत.

तिसरी चाचणी: फोनसह, ५ ते ६ मीटरवर

टिश्यू कोरडा निघाला? आता फोन ठेवा. हाउसिंग एसी खोलीत बंद करा आणि आत सिलिका जेलची पुडी टाका. पुडी ओ-रिंगला लागणार नाही हे पाहा. दमट हवा आत कोंडली, की रेकॉर्डिंगमुळे फोन तापतो, समोरची काच त्यामानाने थंड राहते आणि तिच्यावर वाफ धरते.

पाण्यात फोनचा टचस्क्रीन नीट चालत नाही. म्हणून हाउसिंगची बटणं कॅमेरा, व्हिडिओ आणि झूम नीट बदलतात का, हे आधी जमिनीवर आणि मग ५ मीटरवर तपासा. ऑटो लॉक आणि नोटिफिकेशन बंद ठेवा.

सोबत एखादं लाल कापड न्या. खोली वाढते तसा पाण्यात सगळ्यात आधी लाल रंग हरवतो. ५ मीटरवरच लाल रंग मळकट दिसू लागतो. कॅमेऱ्याचा रंग कुठे बिघडतो आणि लाल फिल्टर कुठून लावायचा, हे त्या कापडाच्या फोटोंवरून कळेल. फोनचा फ्लॅश मात्र बंद ठेवा, नाहीतर पाण्यातले कण पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकतात. मालवणला पाणी अंदमानपेक्षा गढूळ असतं, तिथे झूम करण्यापेक्षा जवळून फोटो काढा.

सगळं जमलं तर पुढच्या डाइव्हला १० मीटर, मग तुमच्या प्रमाणपत्राच्या मर्यादेपर्यंत. ओपन वॉटर कोर्ससाठी ती १८ मीटर आहे. खोलवर गेल्यावर एखादं बटण दाबलेलंच राहतं का, हेही पाहा. स्वस्त हाउसिंगमध्ये पाण्याचा दाब स्प्रिंगवर मात करतो.

पाणी शिरलंच तर

डाइव्ह चालू असताना हाउसिंगमध्ये थेंब दिसला, तर पहिली इच्छा होते ती झपकन वर जाण्याची. तेच करायचं नाही. वर येताना बाहेरचा दाब कमी होतो आणि फुप्फुसातली हवा प्रसरण पावते. श्वास रोखून घाईने वर आलात तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. त्यात जिवाचाही धोका असतो. हाउसिंगची पुढची काच खाली करा म्हणजे पाणी तिथे साठेल, साथीदाराला खूण करा आणि नेहमीच्याच संथ वेगाने, ५ मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा घेऊन वर या. फोन गेला तर गेला.

फोटोच्या नादात हवेचा गेज पाहायचं विसरू नका आणि तोल साधायला प्रवाळाला धरू नका. समुद्रातली प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, आणि तुटलेली फांदी पुन्हा वाढायला वर्षं लागतात.

डाइव्हनंतरची दहा मिनिटं

हाउसिंग बंद असतानाच गोड्या पाण्यात बुडवून बटणं दाबा, म्हणजे फटींमधलं मीठ निघून जाईल. पूर्ण पुसून, केसांतलं पाणी निथळल्यावर, सावलीत उघडा. बोटीवर उन्हात ठेवू नका. विमानात हाउसिंग घट्ट बंद करून नेऊ नका, नाहीतर दाबातल्या फरकामुळे उतरल्यावर ते उघडणं कठीण होतं. ओ-रिंग काढून वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पुढच्या सहलीआधी बादलीपासून पुन्हा सुरुवात करा.

एवढं सगळं करूनही तुमचे पहिले फोटो कदाचित निळसर आणि हललेलेच येतील. पण पाण्याखाली तुमचं लक्ष हाउसिंगच्या कोपऱ्यातल्या थेंबावर नसेल. समोरून जाणारं कासव तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी, निवांत पाहता येईल.