कंपनीच्या नावाचे आरक्षण

भांडवलाची व जागेची तजवीज झाली, तरी नियोजित कंपनीचे नाव सरकारदरबारी मंजूर झाल्यावाचून तिची नोंदणी होत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या चौथ्या कलमान्वये हे नाव आगाऊ राखून ठेवता येते. त्यासाठी ‘स्पाइस प्लस’ या प्रपत्राच्या पहिल्या भागात पसंतीक्रमाने दोन नावे देऊन १००० रुपये शुल्क भरावे लागते.

‘कृष्णाकाठ मसाला’ या नावाची कंपनी आधीच दप्तरी दाखल असेल, तर अनेकवचन करून, दोन शब्द जोडून किंवा मध्ये विरामचिन्ह घालून केलेले नाव कायद्याच्या दृष्टीने निराळे ठरत नाही. तसेच दुसऱ्याच्या नोंदणीकृत व्यापारचिन्हाशी साम्य असलेले नाव त्या मालकाच्या संमतीविना मिळत नाही, म्हणून दोन्ही नोंदी अर्जापूर्वीच बारकाईने तपासणे हिताचे.

मंजुरीनंतर नाव २० दिवस राखीव राहते आणि जादा शुल्क भरल्यास ही मुदत एकूण ६० दिवसांपर्यंत वाढते. परंतु खोटी माहिती देऊन नाव मिळवल्याचे कंपनी स्थापन होण्यापूर्वी उघडकीस आल्यास आरक्षण रद्द होऊन एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्या नावावर पुढे सारी पत बांधायची, त्याचा पाया सचोटीचाच असला पाहिजे.